मुकं विरजण

नरेशदादाची चांदणी त्या रविवारी मिटली नाही.

दर रविवारी सकाळी प्रणाली चंद्रपूरहून खाणीच्या वसाहतीत भावाकडे यायची आणि चहाच्या आधी त्याच्याकडून दोन गोष्टी करून घ्यायची. दोन्ही हात समोर ताठ धरून पंजे उचलायचे, रस्त्यात गाडी थांबवतात तसे. आणि पेन न उचलता वहीत पाच टोकांची चांदणी काढायची. यकृत थकलेल्या माणसाच्या रक्तात अमोनिया साठायला लागला की मेंदूवर मळभ येतं, पण ते आधी हातात आणि रेघेत दिसतं. बोलण्यात नंतर. त्या वहीत चार वर्षांच्या दोनशेएक चांदण्या होत्या, सगळ्या सरळ आणि टोकदार, तेवीस वर्षं खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीचा प्रमुख, म्हणून काढलेल्या माणसाच्या हाताला शोभतील अशा.

आज चौथी रेघ भलतीकडेच गेली. दादाने पेन थांबवलं, कागदाकडे पाहिलं, आणि चूक कागदाचीच असावी तसं पान उलटलं.

"परत काढतो."

"राहू दे. हात धर."

पंजे दोन सेकंद स्थिर राहिले आणि मग खाली पडले, वर आले, पुन्हा पडले. बसायला फांदी शोधणाऱ्या पाखरासारखे. दादा आपल्या हातांकडे दुसऱ्या कुणाचे असल्यासारखा पाहत राहिला.

"तीन रात्री जागे आहेत," छायावहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "अन् दिवसा झोपून राहतात. मले वाटलं, ऊन लागलं असंन."

वाटण्यासारखंच होतं. यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच पारा सेहेचाळीसवर गेला होता आणि आज तीन मे. रात्रीसुद्धा भिंतींना हात लावून चालत नव्हता. वीज दिवसातून सहा तास असायची, कधी कुठले ते कुणाला सांगता येत नसे.

"वहिनी, दही रोज देताय ना?"

वहिनी दारात आली. हातात झारा होता. "एक दिवस तरी चुकली का मी? सांग बरं. सकाळी एक वाटी, दुपारी एक वाटी. पुडी गुढीपाडव्यानंतर बदलली, अठ्ठावीस मार्चले. चाळीस दिवस अजून झाले नाहीत. कॅलेंडरवर लिहून आहे."

कॅलेंडरवर खरंच लिहिलेलं होतं. वहिनीचं सगळं लिहिलेलं असायचं.

दादा दारूच्या थेंबाला शिवलेला माणूस नव्हता. त्याचं यकृत मधुमेहाने आणि चरबीने गेलं होतं. वसाहतीत तरीही लोक "लिव्हर" म्हटलं की मान डोलवायचे, आणि वहिनीने समजावून सांगणं कधीच सोडून दिलं होतं. पूर्वी या आजारावर एकच उपाय असे, एक गोड, चिकट औषध. ते अमोनिया शौचावाटे बाहेर काढायचं. म्हणजे माणसाला दिवसातून पाच-सहा वेळा पळवायचं, आणि तरी मळभ अर्धंच हटायचं. मग पुण्यातल्या एका संस्थेने दह्यातलाच एक जीवाणू घेतला आणि त्याच्यात एक जनुक बसवलं. आतड्यात पोचला की हा जीवाणू अमोनिया ओढून घ्यायचा आणि त्याचं साधं, निरुपद्रवी अमिनो आम्ल करायचा. औषधाची पुडी दुधाला लावायची, रोज त्याचंच विरजण पुढे चालवायचं, चाळीस दिवसांनी नवी पुडी आणायची. आतड्यात तो जीवाणू टिकत नसे, म्हणून रोज दही खाणं आलंच. पण माणूस कामावर जाऊ शकायचा, लग्नाला जाऊ शकायचा, नातवाशी बुद्धिबळ खेळू शकायचा. राज्यभर त्याची योजना झाली. चंद्रपूरच्या विरजण केंद्रात प्रणाली प्रमुख होती.

आणि ते जनुक कधी चालू व्हावं, कधी बंद राहावं, ते ठरवणारा भाग पुण्यात असताना प्रणालीनेच बांधला होता. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनी तर पाहुण्यांना दह्याबरोबर तेही वाढायची.

दारात पायताण वाजलं. शेजारची संगीता रामटेके हातात रिकामी वाटी घेऊन आत आली.

"छायाबाई, विरजण देता का? काल आमचं जरा पातळच लागलं." मग तिला प्रणाली दिसली आणि वाटी पदराआड गेली.

"दाखवा वाटी, लपवू नका," प्रणाली म्हणाली. "रामटेके काकांना हे दही देता? त्यांची तर स्वतःची पुडी आहे."

"आहे ना बाई. पन पुडी केंद्रातून आनेपर्यंत उन्हानं मरते. छायाबाईच्या हातचं कसं कवडी लागते." संगीताने वहिनीकडे पाहिलं आणि सांगूनच टाकलं. "आता लपवून काय होते. काल माहा नवरा मले त्याची मावशी समजून पाया पडला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा वाकला माणूस, अन् तेबी चुकून."

वहिनी हसली. प्रणालीला हसू आलं नाही.

"वहिनी, अजून कुणाकुणाला देता?"

वहिनीने झाऱ्यावरचा कढीपत्ता बोटाने काढला. "सहा घरं आहेत. सगळी पेशंटवालीच. मागायले आलेल्याले विरजण नाही म्हनत नसतात, पनू. तुही माय म्हनत होती काय कधी?"

आई म्हणत नव्हती. पण योजनेच्या माहितीपत्रकात पाचव्या क्रमांकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: विरजण दुसऱ्या घरी देऊ नये. तेही प्रणालीनेच लिहिलं होतं.

"आजपासून दादाला दही बंद," ती म्हणाली. "डॉक्टरांशी मी बोलते. ते चिकट औषध सुरू करा. आणि सातही भांड्यांमधलं एकेक चमचा मला बाटलीत द्या."

"बंद?" वहिनी म्हणाली. "दह्यानंच तर जगले ते."

प्रणालीने वहीत तारीख टाकली आणि अर्धवट चांदणीच्या खाली रेघ मारली.

*

सोमवारी केंद्रात तिने सातही बाटल्या तपासल्या. दही उत्तम होतं. आंबटपणा योग्य, जीवाणू भरपूर, वास स्वच्छ, बुरशी नाही. नळीत अमोनिया घालून शरीराच्या तापमानाला चार तास ठेवलं. चार तासांनी अमोनिया होता तेवढाच होता. सातही नळ्यांमध्ये.

जीवाणू जिवंत होते, जनुकही जागेवर होतं. पण ते कुणी वाचत नव्हतं.

जनुक म्हणजे कृती लिहिलेला परिच्छेद. तो नुसता असून भागत नाही, वाचला जावा लागतो. जीवाणूत वाचनाचं काम एक मोठं प्रथिन करतं. डीएनएच्या लांबलचक दोरीवर ते फिरत असतं, पण सुरुवात कुठून करायची हे त्याला एकट्याला कळत नाही. सिग्मा नावाचा एक लहान सोबती त्याला येऊन चिकटतो आणि जागा दाखवतो. सिग्मा दोन खुणा ओळखतो. वाचन जिथून सुरू व्हायचं त्या जागेच्या पस्तीस अक्षरं अलीकडे एक, आणि दहा अक्षरं अलीकडे दुसरी. प्रत्येक खूण सहा अक्षरांची. दोन्ही पटल्या की दहाच्या खुणेपाशी दोरीचे दोन पदर एकमेकांपासून सुटतात, आणि वाचन सुरू होतं. खूण पटली नाही तर यंत्र थांबत नाही, पुढे निघून जातं.

आणि नको तेव्हा वाचन सुरू होऊ नये म्हणून जीवाणू त्या खुणेवर एक रखवालदार प्रथिन आणून बसवतात. ते तिथे असेपर्यंत यंत्राला टेकायला जागाच मिळत नाही. जीवाणू खर्चाच्या गोष्टी अशाच आवरतात. काम अर्ध्यात थांबवण्यापेक्षा ते सुरूच न करणं केव्हाही स्वस्त.

प्रणालीने बसवलेला रखवालदार उष्णतेला हळवा होता. छत्तीस अंशांच्या खाली तो खुणेला घट्ट धरून असायचा. म्हणजे भांड्यात दही लागत असताना जनुक बंद आणि जीवाणूंवर कसलाच भार नाही. सदतिसाला, माणसाच्या पोटात, त्याची पकड सुटायची आणि काम चालू व्हायचं. देखणी रचना होती. तिच्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या.

तिने दहीभांड्यांमधल्या जीवाणूंचा तो भाग अक्षर अक्षर वाचून घेतला. संध्याकाळी चारला उत्तर आलं. सातही भांड्यांत दहाच्या खुणेतलं शेवटचं अक्षर बदललं होतं. सहांतलं एक. सिग्माला खूण पटत नव्हती. यंत्र येत होतं, आणि पुढे निघून जात होतं.

ती खुर्चीत मागे टेकली. खिडकीला ओलं गोणपाट लावलेलं होतं, ते वाळून कडक झालं होतं. उठून त्यावर पाणी मारायला हवं, असं तिला वाटलं, आणि ती बसून राहिली.

असं का झालं, हे समजायला तिला यंत्राची गरज नव्हती. जो जीवाणू काम करतो त्याची ऊर्जा कामात जाते, तो सावकाश वाढतो. अब्जावधींमध्ये एखाद्याच्या खुणेत नक्कल करताना चूक होते, तो काम करतच नाही, नुसता वाढतो. जनुक बंद असताना दोघे सारखेच, चुकलेल्याला काही फायदा नाही. पण भांड्यातच जनुक चालू राहिलं, तर? रोज एक चमचा विरजण म्हणजे सहा-सात पिढ्या. तिने पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. सव्वीस दिवसांत सगळं भांडं चुकलेल्यांचं होतं.

भांड्यात जनुक चालू राहायला भांडं छत्तीसच्या वर असायला हवं.

नऊ वर्षांपूर्वी पुण्यात वाणाची कागदपत्रं भरताना एक रकाना होता: विरजण लावण्याचं तापमान. तिने लिहिलं होतं, खोलीचं तापमान, पंचवीस ते बत्तीस. त्या खोलीत वातानुकूलन यंत्र होतं आणि तिच्या खांद्यावर शाल होती. ती चंद्रपूरची मुलगी होती. लहानपणी मे महिन्यात ओली चादर पांघरून गच्चीवर झोपलेली. तिने खोटं लिहिलं नव्हतं. कुठली खोली, हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

*

"म्हणजे आपलं दही मेलं?" वहिनीने विचारलं.

मंगळवार होता. दादा आतल्या खोलीत झोपला होता. औषधाने त्याला दिवसात चार वेळा उठवलं होतं, एकदा वेळेवर पोचता आलं नव्हतं. वहिनीने चादर धुऊन वाळत टाकली होती आणि त्याबद्दल ती काही बोलली नव्हती.

"मेलं नाही. जिवंत आहे. काम करायचं सोडलंय."

"अन् वाढून राहिलं?"

"कामाचा त्रास नाही, म्हणून तर जास्तच वाढतंय."

"म्हणजे हापिसासारखंच झालं," वहिनी म्हणाली. मग तिने ओट्यावरचं भांडं जवळ ओढलं. पितळेचं कल्हई केलेलं पातेलं होतं, आईचं. "माह्याच हातानं मी यांले रोज मुकं दही चारलं. अन् सहा घरांले वाटलं. कवडी लागते, कवडी लागते म्हणून लोक घेऊन गेले, अन् मी फुगली."

"वहिनी, तुमची चूक नाही त्यात."

"तू पुण्याची भाषा नको बोलू माह्याशी. चूक कोनाची ते सांग."

प्रणालीने तोंड उघडलं. माझी, एवढंच म्हणायचं होतं. पण आतून दादाने हाक मारली, वहिनी उठून गेली, आणि तो शब्द तोंडातच राहिला.

दुपारी तिने पुण्याला निमकरांना फोन लावला. डॉ. निमकर योजनेचे संचालक होते. पूर्वी तिचे वरिष्ठ, आणि एकंदरीत भला माणूस. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सहा घरांत विरजण वाटलं होतं म्हणालात ना?"

"हो."

"मग दोष-अहवालात कारण क्रमांक एक येतं. घरगुती हाताळणी."

"कारण एक लावलं तर नियमाप्रमाणे सातही घरं दोन वर्षं योजनेबाहेर जातात."

"जातात," ते म्हणाले. "वाईट आहे. तुमचा भाऊ आहे, मला कल्पना आहे. पण कारण तीन लिहिलंत, रचनेतला दोष, तर मला उष्ण जिल्ह्यांमध्ये वाटप थांबवावं लागेल. दुसरा मार्गच ठेवलेला नाही नियमांत. नऊशे पेशंट आहेत, प्रणाली. त्यांतले कितीतरी जण फ्रीज-कूलरवाले, त्यांचं दही आजही नीट चालतंय. त्यांना तुम्ही परत त्या औषधावर ढकलणार?"

"आणि ज्यांचं चालत नाही? त्यांना कळणारही नाही. चव तीच लागते."

"एक भांडं बिघडलं म्हणून रचना चुकली असं होत नाही. सातही भांडी एकाच विरजणाची. शास्त्र म्हणून तुम्हीच सांगा, पुरावा एकच झाला की नाही?"

ते बरोबर होतं. तिला राग यायला हवा होता, पण राग यायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं.

"दुसरा पुरावा मिळाला तर?" तिने विचारलं.

"तर मी अडवणार नाही," निमकर म्हणाले. "पण मिळवायलाच हवा असं नाही, एवढंच म्हणतो. आपण गुपचूप नवं वाण करू. दोघं मिळून."

बुधवारी ती राजुऱ्याला गेली. तिथे पाटणकर नावाच्या निवृत्त शिक्षकांचं घर होतं. माहितीपत्रक भिंतीवर चिकटवणारं, चमचासुद्धा उकळून घेणारं. विरजण त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं, कुणाकडून घेतलं नव्हतं. फ्रीज नव्हता. पाटणकर सरांनी तिला ओळखलं, चहा विचारला, आणि पाच मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून ओळखलं. त्यांच्या मुलीने बाटली भरून देताना विचारलं, "बाबांचं वय झालं म्हणून होत असेल ना हे?"

"बघते," प्रणाली म्हणाली.

त्या भांड्यातही दहाची खूण बिघडली होती. मात्र अक्षर वेगळं होतं. शेवटचं नाही, दुसरं. म्हणजे हे विरजण छायावहिनीच्या भांड्याचं पाहुणं नव्हतं. वेगळ्या घरात, वेगळ्या भांड्यात, सगळे नियम पाळून, उन्हाने तीच सहा अक्षरांची खूण स्वतंत्रपणे मोडली होती.

पुरावा मिळाला होता. तिने तो कागद पिशवीत घातला आणि बसस्टॉपवर बसून तीन बस जाऊ दिल्या.

*

कारण क्रमांक तीन भरायला दोन गोष्टी लागत. दोष झालेल्या घरातल्या भांड्याचं मोजलेलं तापमान, आणि कुटुंबप्रमुखाची सही.

गुरुवारी तिने वहिनीला नेहमीसारखं दही लावायला सांगितलं, खायला नाही, मोजायला. वहिनीने सात वाजता दूध कोमट करून विरजण घातलं, वर झाकण ठेवलं, झाकणावर फडकं. वीज नव्हती. साडेअकराला प्रणालीने फडकं बाजूला करून तापमापी आत सोडली. ओट्याचा दगड हाताला पोळत होता. दादा स्वयंपाकघराच्या दाराशी खाटेवर बसला होता. सकाळी तो बरा होता, त्याने वहिनीला नावाने हाक मारली होती. नंतर पुन्हा मळभ आलं होतं. त्याच्या मांडीवर चांदणीची वही होती. काढायला सांगितलं होतं ते तो विसरला होता.

प्रणालीच्या हातात अहवालाचा कागद होता. बाकी सगळं भरून झालं होतं. कारणाचा रकाना कोरा होता.

एकवर बोट ठेवलं की दादा योजनेबाहेर. पण दोन वर्षांनी कदाचित परत आत. आणि तोवर तीच केंद्रप्रमुख होती. घरच्या माणसाला एखादी चांगली पुडी मिळवून देणं अवघड नव्हतं. तीनवर बोट ठेवलं तर केंद्रात पुड्याच उरणार नव्हत्या. दादाचा सगळा उन्हाळा त्या चिकट औषधाच्या बाटलीवर जाणार होता, आणि बाटलीवरचा दादा हा असा होता. शिवाय तीनच्या खाली रचनाकाराचं नाव छापून यायचं. त्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. वाटायला हवं होतं, बहुतेक.

"काय रे बबन," दादा एकदम म्हणाला. आवाज जुना होता, खाणीतला. "गॅस मोजला का?"

प्रणालीने वहिनीकडे पाहिलं.

"बबन सरदार," वहिनी हळूच म्हणाली. "यांच्या हाताखाली होता. बोगद्यात पहिले तो जाये गॅस मोजायले."

"मोजून राहिलो," प्रणाली म्हणाली. तिच्या तोंडून ते कसं निघालं, तिला कळलं नाही.

"किती?"

तिने तापमापी बाहेर काढली. "एक्केचाळीस पॉइंट दोन."

दादाने मान हलवली. कशाचे अंश, कशाचे टक्के, त्याला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. "मर्यादा किती आहे?"

"छत्तीस."

तो खाटेवर सरळ झाला. "मर्यादा छत्तीस, अन् तू हातात मीटर घेऊन उभा काऊन आहे बावा? लिही. अन् माणसं बाहेर काढ."

"साहेब," ती म्हणाली. "माणसं बाहेर काढली तर काम बंद पडते."

"पडू दे."

"वरून विचारतील."

"वरचे माह्याशी बोलतील. तुह्याशी नाही. तुही ड्यूटी काय? मीटरवर जे आहे ते रजिस्टरात." त्याने हात पुढे केला. तो फडफडत होता. "आन इकडे. सही माही लागते."

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला होता, पण ती रडत नव्हती. पाहत होती.

प्रणाली खाटेशेजारी जमिनीवर बसली. रकान्यात तिने आकडा लिहिला, एक्केचाळीस पूर्णांक दोन. त्याच्या वर तीनचा आकडा. रचनाकाराच्या पुढे स्वतःचं नाव, पूर्ण. मग पेन दादाच्या बोटांत दिलं आणि वही कागदाखाली धरली. भानावर नसलेल्या माणसाच्या सहीला कायद्याने किंमत नसते, हे तिला माहीत होतं. उद्या वहिनीची घेता आली असती.

सही तिरकी गेली, रेघेच्या बाहेर, जवळजवळ कागदाच्या बाहेर. तिच्याखाली त्याने सवयीने वेळ टाकली आणि लिहिलं: दुसरी पाळी.

तिने त्या कागदाचा फोटो तसाच पाठवला. दोन मिनिटांनी फोन वाजला.

"सोमवारपासून पाच जिल्ह्यांत थांबतंय," निमकर म्हणाले. ओरडले नाहीत. "तुमचा भाऊही त्यात आला."

"हो."

"नवा रखवालदार बांधायला हवा. पन्नास अंशांच्या खोलीत न ढळणारा, आणि पोटात गेल्यावर सुटणारा. उष्णतेवर नाही चालणार आता, पित्तावर वगैरे बांधावा लागेल. कोण करणार?"

"मीच करेन."

"किती दिवस?"

"दोन उन्हाळे," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात, दोघं मिळून."

"म्हणालो होतो," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

ती स्वयंपाकघरात आली तेव्हा वहिनी चुलीवर पाण्याचं आधण ठेवत होती. "वहिनी, तुम्ही मंगळवारी विचारलं होतं. चूक माझी होती. तापमान मी लिहिलं होतं."

"ऐकलं मी आता," वहिनी म्हणाली. "माहं नाव येणार होतं काय त्या कागदावर?"

"आलं असतं."

वहिनीने मान हलवली, एकदाच. मग तिने पातेलं उचललं, मागच्या दाराने जाऊन दह्यावर उकळतं पाणी ओतलं आणि सगळं मोरीत सोडून दिलं. पातेलं राखेने घासलं, पुन्हा आधणाने धुतलं आणि अंगणातल्या दगडावर उन्हात पालथं घातलं. लग्न झाल्यापासून त्या घरात विरजण नाही असा तो पहिला दिवस होता. दादासाठी औषधाच्या दोन बाटल्या आणून ठेवल्या होत्या, त्या तिने फळीवरून खाली काढल्या.

पायताण वाजलं. संगीता दारात उभी होती, हातात वाटी.

"नाही वं," वहिनी म्हणाली. "विरजण नाही आज."

संगीता तिच्याकडे पाहत राहिली, मग अंगणातल्या पालथ्या पातेल्याकडे. वाटी कुठे ठेवावी तिला कळेना. आल्या वाटीला रिकामं पाठवायचं नाही, हे या घरातलं दुसरं वळण. वहिनीने दोन बाटल्यांतली एक तिच्या वाटीत उभी केली.

"हे पाज. दोन-दोन चमचे, तीन टाइम. लय पळवते, चादरी काढून ठेव. अन् बाकीच्या पाच घरांत मी येतो तुह्यासंगं. दही बंद करा म्हणून सांगा लागंन."

"कायले पन?"

"चाल, रस्त्यानं सांगतो."

त्या दोघी उन्हात उतरल्या. फाटक वाजलं. प्रणाली खाटेशेजारी होती तिथेच पुन्हा बसली. दादा दाराबाहेर, पांढऱ्याफटक रस्त्याकडे डोळे बारीक करून पाहत होता.

"बबन," तो म्हणाला. "आली का सगळी बाहेर?"

तिने त्याचा हात धरला. फडफड तिच्या तळव्यात जाणवत राहिली.

"येऊन राहिली," ती म्हणाली.